जैनबबीची अंडी आणि मिस्त्रीचा जॅक

३ डिसेंबर, बुधवार

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी शाल, नारळ आणि ही वही दिली. शाल माझ्या बायकोनं, जैनबबीनं, कपाटात ठेवली, नारळ त्याच आठवड्यात संपला, वही मात्र सहा महिने तशीच पडून होती. आज काढली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण शाळा मराठी आणि पुढं बीडच्या एसटी डेपोत मिस्त्री म्हणून पस्तीस वर्षं सगळं लिहिणं मराठी, त्यामुळं हातातून मराठीच उतरतं.

काढायचं कारण असं की बायकोनं आज जाहीर केलं, कोंबड्या विकायच्या.

कोंबड्या तिच्या. मी डेपोत होतो तेव्हापासून ती पाळते. आता शंभरावर आहेत, घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये. अंडी मतीनच्या बेकरीला आणि हायवेच्या ढाब्यांना जातात. आमच्या चौसाळ्यात ‘जैनबचाचीचं अंडं’ असं नाव आहे. पण यंदा सोयाबीनची पेंड परवडेना म्हणून तिनं ती कमी केली, तशी अंडी घटली आणि कवचं पातळ झाली. टोपलीतून काढता काढता फुटतात.

“ईदपत्तर बघते. न्हाई जमलं तर येपाऱ्याला देऊन टाकते समद्या,” म्हणाली.

मी म्हणालो, “पस्तीस वर्षांत मी एक इंजिन भंगारात जाऊ दिलं नाही. तुझ्या कोंबड्या जाऊ देईन?”

“कोंबडीला इंजन नसतंय,” म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

सकाळी पाचची पहिली गाडी हायवेवरून गेली. क्लच घासतोय, अंथरुणातून ऐकूनच कळलं. जैनबबीला रोज सांगतो, तसं आजही सांगितलं. तिकडं कुणाच्या लक्षात आलं असेल का, कुणास ठाऊक. उठून करायचं काय, म्हणून सात वाजेपर्यंत पडून राहिलो.

९ डिसेंबर

आज सटवा मासेवाला घरी आला. हायवेला त्याचं दुकान आहे. धरणाचे मासे आणतो आणि ढाब्यांना साफ करून, तुकडे पाडून देतो. डोकी, आतडी, पर, खवलं यांचे रोज डबेच्या डबे निघतात. ओढ्याला टाकतो, तिथं कुत्री जमतात, आणि लोक त्याला शिव्या घालतात.

“चाचा, ह्या घानीचं कायतरी करा,” म्हणाला. “चाची म्हनल्या, मिस्त्रीलाच इचार, त्येंच्याबिगर कुनाला जमायचं न्हाई.”

जैनबबीला विचारलं, तू कधी बोललीस? म्हणाली, मच्छी आणायला गेलते तवा बोलले असंन सहज. तिला सहज बोलायची सवयच आहे. पण सटव्यानं माणूस बरोबर गाठला. कारण त्याचं बोलणं चाललं असतानाच माझ्या डोक्यात आलं की कंपनीच्या कोंबडीखाद्याच्या पोत्यावर ‘फिश मील’ असं छापलेलं असतं. म्हणजे मासाच. तो इथं फुकट सडतोय आणि आम्ही पेंडीच्या नावानं रडतोय!

हे कुणालाच कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं.

१४ डिसेंबर, रविवार

कच्चीच डोकी टाकून पाहिली. कोंबड्या तुटून पडल्या. एक आतडं तोंडात धरून पळायला लागली तर वीस जणी तिच्या मागं. शेडमध्ये रक्त, पिसं आणि वास. संध्याकाळी चार कोंबड्यांची पोटं बिघडली.

जैनबबी म्हणाली, “शिजवून द्या की. मानसाला तरी कच्ची देतात का?”

मीही तेच म्हणणार होतो.

२१ डिसेंबर

ड्रममध्ये शिजवलेली मच्छी वाळेना. नुसता गाळ. दोन दिवस उन्हात ठेवली तर अळ्या पडल्या, ओढ्यात नेऊन टाकली. आधी पिळून काढायला पाहिजे, हे उघड होतं. पण पिळायची कशी? फडक्यानं पिळली तर माझे हात भाजले, शिवाय फडकं कोणतं घेतलं यावरून घरात बोलणी खाल्ली.

मग काल दुपारी आडवा पडलो होतो आणि ताडकन उठून बसलो. भरलेल्या बसचं चाक वर उचलणारा जॅक मूठभर मच्छी पिळू शकणार नाही?

आज बीडला जाऊन भंगारातून एक जुना जॅक आणला. गळत होता, त्याचं वॉशर बदललं. लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली, भोकं पाडलेल्या डब्यात शिजलेली मच्छी भरली, खालून जॅक मारला. पाणी धो धो बाहेर! डब्यात राहिली ती कोरडी ढेप, हातात धरली तरी बोटाला ओल लागेना. सटवा बघतच राहिला. “आयला चाचा,” एवढंच म्हणाला. तीन वेळा म्हणाला.

पिळून निघालेलं पाणी जैनबबीनं बादलीसकट उचललं आणि शेवग्याच्या बुडाला ओतलं. त्यावर पिवळं धमक तेल तरंगत होतं, तेही गेलं.

“समदा वास ह्याच्यात हाय. ह्ये कोंबडीच्या पोटात जाऊ देऊ नका,” म्हणाली.

तेलाची किंमत बाईमाणसाला काय कळणार! पण आज माझा दिवस इतका चांगला होता की मी वाद घातला नाही.

२ जानेवारी

वाळत घातलेल्या ढेपेवर घारी. घारींना हाकललं तर मांजरं. आणि मांजरांच्या वरताण आमच्या शेजारीण सारजाबाई. त्या मटण-मासे शिवत नाहीत. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून अंडं तेवढं खातात, तेही आमचंच. पण नाक असं की तिसऱ्या गल्लीत सुकट भाजली तर यांना उलटी होते. भिंतीवरून ओरडल्या,

“मिस्त्री, तुमी रिटायर झालाव की आमाला गाव सोडाय लावायलाव?”

जैनबबीनं त्यांना आत बोलावलं, चहा पाजला, हळू आवाजात काय काय बोलत बसली. जाताना सारजाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “असू द्या, असू द्या. करा तुमचं. मानसाला कायतरी लागतंयच.” माझ्या कामाचं महत्त्व अखेर त्यांनाही पटलं. तरी शेजारधर्म म्हणून शिजवायचं काम ओढ्याकाठी सटव्याच्या जागेत नेलं, आणि वाळवायला जुन्या बसच्या खिडक्यांच्या जाळ्यांचा पिंजरा केला. घार आता वर बसून नुसती बघते.

पहाटेच भट्टी लावावी लागते. उन्हं चढली की माशा येतात.

२५ जानेवारी, रविवार

लिहायला वेळच नव्हता. आता सगळं बसलं आहे. शिजवायचं, पिळायचं, वाळवायचं, उखळात कुटायचं, चाळून खवलं काढायची. मक्याच्या भरड्यात ही पूड जैनबबी स्वतः मिसळते, पंधरा घमेल्यांना एक. मी म्हणालो दोन टाक, तर नाही म्हणाली.

आणि अंडी! टोपली भरून सांडायला आली. कवच असं झालं आहे की अंडं ताटात ठेवलं तर टक् आवाज येतो. काट्यातलं सगळं चुन्याचं सत्त्व कवचात उतरलंय. आज मी मुद्दाम मतीनच्या समोर एक अंडं गुडघ्याएवढ्या उंचीवरून पोत्यावर सोडलं. फुटलं नाही. मतीन म्हणाला, “चाचा, फुटलं असतं तर हिशोबात धरलं असतं मी.” तरी चेहरा बघण्यासारखा झाला होता त्याचा.

एकच अडचण झाली. आमच्या घरात नेहमी फुटकी अंडी खायची पद्धत, चांगली गिऱ्हाइकाला. आता फुटतच नाही, त्यामुळं पंधरा दिवस घरात अंडं शिजलेलं नाही. जैनबबीला म्हटलं, एखादं चांगलं कर की. म्हणाली, “चांगली अंडी खायला आपन काय नवाब हाव?”

विचारलं, “मग, आता तर विकत नाहीस ना कोंबड्या?”

“ईदपत्तर बघू की,” म्हणाली. फार कडक बाई आहे.

१९ फेब्रुवारी

पहिला रोजा. उपाशी पोटी मच्छी शिजवणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. पण एक दिवस खंड पडू दिला नाही.

मतीननं सांगितलं, पुढच्या महिन्यात एका जुम्म्याला मशिदीत इफ्तारीचा केक त्याच्या बेकरीकडून. अंडी सगळी आपली. मी आताच दोघा-चौघांना सांगून ठेवलं आहे.

२६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट केली. जैनबबीला सांगितली नाही.

रमजानमध्ये स्वयंपाकाची गडबड, म्हणून खाद्य मिसळायचं काम हल्ली माझ्याकडं आलं आहे. पिळलेलं पाणी दोन दिवस कॅनमध्ये तसंच राहिलं होतं. बघतो तर पाणी खाली आणि वर चार बोटं स्वच्छ तेल. असलं तेल शेवग्याला? माझा जीव तुटला. मी जन्मभर एकच गोष्ट शिकलो, कोरडं काही चालवायचं नाही. कोरडी बेअरिंग किंचाळते, कोरडा गिअर दात खातो. मग कोरडा भरडा त्या मुक्या जनावरांच्या घशातून कसा उतरत असेल? दोन तांबे तेल खाद्यात चोळलं. कोंबड्यांनी पाच मिनिटांत गव्हाण चाटून पुसून ठेवली.

रोज घालणार. फरक दिसला की मगच तिला सांगीन.

३ मार्च

फरक दिसला. पिसं अशी चमकतात की नुकतीच धुऊन काढलेली गाडी. बलक गर्द केशरी. मतीनची टोपली आज मी स्वतः पोचवली. जुम्म्याच्या केकला हीच अंडी.

६ मार्च, जुम्मा

लिहू का नको, असं झालं आहे. लिहितो.

मशिदीत सगळी जमात बसली होती. खजूर, टरबूज, भजी, आणि मधोमध मतीनचे केक, वरून टुटीफ्रुटी लावलेले. मी शेजारच्या तिघांना सांगितलं की बलक बघा कसा उतरलाय, केकला रंगच घालावा लागला नाही. बेकरीत सगळ्यांचे रोजे, त्यामुळं दिवसभरात कुणी चव घेतली नव्हती. भट्टीपाशी व्हॅनिलाचा घमघमाट, त्यात बाकीचं झाकून गेलं. आमच्या घरात तर अंडं दोन महिन्यांत कुणी तोंडात घातलेलं नाही, ढाब्यांवर मसाल्यात कळलं नसणार, आणि सारजाबाई आठवडाभर गावाला गेलेल्या.

अजान झाली. खजूर खाल्ला, पाणी प्यालो. मग सगळ्यांनी केक उचलला.

एकदम शांतता झाली. मला वाटलं, चवीनं गप्प झालेत. मीही घास घेतला. गोड मच्छी. दुसरा शब्द नाही. मौलानांनी तोंडातला घास गिळला, वर दोन ग्लास पाणी प्याले आणि उरलेला तुकडा हळूच रुमालात ठेवला. भला माणूस. मागून कुणीतरी म्हणालं, “मिस्त्री, केकात काटा तर न्हाई ना?” आणि अख्खी मशीद हसली. लहान पोरंसुद्धा.

मतीन हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता.

७ मार्च

आधी मी म्हणालो की मतीनचा ट्रे खराब असेल. मग म्हणालो एसेन्स जुना असेल. जैनबबी आतून टोपली घेऊन आली. ताटात एक चांगलं अंडं फोडलं आणि माझ्या नाकापुढं धरलं.

“त्याल घातलं तुमी?”

“हो.”

मला वाटलं ओरडेल. शेजारी ऐकतील इतकं ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताट धुवायला गेली. वीस वर्षांत तिनं एक नाव कमावलं आणि मी ते दोन तांबे तेलात बुडवलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटल्याचं आठवत नाही.

८ मार्च

ती बुरखा घालून मतीनकडं गेली आणि सांगून आली, “अंडी माजी, चूक माजी.” मला हे मतीनच्या तोंडून कळलं. मी तसाच भट्टीपाशी गेलो आणि कामगारांसमोर मोठ्यानं म्हणालो की तिचा काही संबंध नाही, तेल मी घातलं, या हातानं.

मतीन म्हणाला, “चाचा, मला ठाव हाय. चाची तेल घालनाऱ्यातली न्हाई.” मग म्हणाला, “पर ईदच्या केकाला मी दुसरीकडून अंडी सांगितलीत. वास गेला तर दाखवा, बघू.”

घरी येऊन विचारलं, “आता विकणार ना?”

“ईद आली का?” म्हणाली. “पयले त्याल बंद करा.”

१२ मार्च

तेल बंद. पूड तिनं सांगितली तेवढीच, पंधराला एक. वासाची अंडी सगळी सटव्याच्या घरी दिली. तो सांगत आला, “चाचा, येक नंबर लागली. मीठ-मिरची लावली की मासाच! अशीच काढा की कायम.” या माणसाला काय सांगावं.

पहाटे उठून भट्टी लावतोच आहे. जैनबबी म्हणाली थोडे दिवस थांबा. मी म्हणालो, गाडी बिघडली म्हणून डेपो बंद करत नाहीत.

१८ मार्च

वास गेला का, हे ठरवायचं कुणी? माझ्या नाकात तीन महिने मच्छी बसलेली आहे, माझा भरवसा नाही. मतीन म्हणतो तुमच्या घरचं नाक चालणार नाही. मग मीच म्हणालो, गावात एकच नाक आहे. सारजाबाई.

मतीन स्वतः आला. अंगणात खुर्ची टाकली, सारजाबाईंना बसवलं. पाच अंडी पाच बश्यांत फोडली. बाईंनी पदर कमरेला खोचला आणि एक एक बशी नाकाशी नेली. मी डेपोत कितीतरी गाड्यांची पासिंग दिली, पण इतकी कडक पासिंग एकही नव्हती. जैनबबी दारात उभी होती.

चौथ्या बशीला बाई थांबल्या. पुन्हा हुंगली. “ह्येला वास हाय,” म्हणाल्या.

मी खाली बसलो.

“मिस्त्रीच्या हाताचा,” म्हणाल्या. “बशी भाबीला धरू द्या.”

जैनबबीनं धरली. बाईंनी हुंगलं आणि मान हलवली. “काय न्हाई. नुसतं अंडं हाय. ह्या घरातनं इतकं साधं अंडं पयल्यांदाच बघायले.” मग पाचवी बशी झाली, तीही पास. पाचही बश्या घेऊन घरी गेल्या, ऑम्लेट करायला. मतीननं ईदच्या केकासाठी तिथंच टोपली उचलली.

पस्तीस वर्षांत मला तीन प्रशस्तिपत्रं मिळाली. तिन्ही पेटीत आहेत. त्यातलं एकही याच्या जवळपास येत नाही.

२१ मार्च, ईद

नमाज झाली, गळाभेटी झाल्या. मतीनचा केक घरोघर गेला. मौलाना आमच्याकडं शीरखुर्मा प्यायला आले आणि त्यांनी केकचे दोन तुकडे मागून घेतले. मी मोजले. रुमाल बाहेर काढला नाही.

जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, “मिस्त्री, जॅक दाखवा की तुमचा.” सात-आठ जण ईदच्या नव्या कपड्यांत ओढ्याकाठी आले. मी रिकाम्या डब्यावर जॅक मारून दाखवला. जैनबबी लांब बाभळीखाली उभी होती. मी तिला हाक मारली आणि सगळ्यांना सांगितलं की मशीन माझं आहे, पण किती घालायचं आणि काय फेकायचं, ते हिला विचारायचं. असं चारचौघांत मी तिच्याबद्दल कधी बोललो नव्हतो. तिनं पदर तोंडाला लावला. मला फार अभिमान वाटला, तिचा आणि माझाही.

आता ईद झाली. कोंबड्यांचं काय ते आज विचारलं नाही.

२९ मार्च, रविवार

विचारायची वेळच आली नाही. सकाळी बीडहून पिल्लांचा व्यापारी शहेबाज टेम्पो घेऊन आला. जाळीच्या खोक्यांत दोनशे पिल्लं, नुसता चिवचिवाट. मी म्हणालो, अरे कुणाची ही?

“चाचींचीच की. दिवाळीतच पिल्लांना नाव लावून ठेवलतं त्येंनी. म्हनल्या, ईद झाली की आन.”

मी म्हणालो शक्यच नाही. दिवाळी म्हणजे ऑक्टोबर. डिसेंबरात तर ती असलेल्या कोंबड्या विकायला निघाली होती! माणूस विकायला निघतो तेव्हा नवीन पिल्लं सांगून ठेवतो का? या व्यापाऱ्यांचं काही खरं नाही, तारखा लक्षात ठेवत नाहीत.

जैनबबीला विचारलं. ती पिल्लांना पाणी ठेवत होती. “दिवाळीत? आसंन,” म्हणाली. “ध्यानात न्हाई माज्या.”

वय झालं तिचं, विसरते. मी काही टोचून बोललो नाही. माझ्यामुळं या घरात आज तीनशे कोंबड्या झाल्या, एवढं समाधान मला पुरेसं आहे.

पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लागणार. दोनशे पिल्लांना मच्छीची पूड कधीपासून आणि किती, तेही ठरवायचं आहे. तिला विचारूनच. भट्टी मोठी करायला हवी. सटव्याला आणखी दोन ढाबे मिळालेत, म्हणजे डोकी वाढणार. उद्या पहाटे चारलाच निघतो.

संध्याकाळी चहा देताना जैनबबीनं विचारलं, “पाचची गाडी आजकाल कशी जातीय? क्लच झाला का नीट?”

मी आठवून पाहिलं. गाडी गेली असणारच, रोज जाते. पण मी कधी ऐकली, ते काही केल्या आठवेना. तसं तिला सांगितलं.

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. त्यात हसण्यासारखं काय होतं, कुणास ठाऊक.